नम्म मंदी

ता. ११ नोव्हेंबर १९२८

आज आबासाहेबाने चारचौघांत माझे नाक कापले.

आमच्या भागाचे म्युनिसिपालिटीतले सभासद वारले आणि त्यांची जागा रिकामी झाली. त्या जागेवर या गृहस्थाचा डोळा आहे. मोहोळकडची जमीन कुळांना लावून हा इथे सोलापुरात खडी-मुरुमाची कंत्राटे घेतो आणि स्वतःला शुक्रवार पेठेचा पाटील समजतो. पेठेतल्या मंडळींना देवळात जमवून म्हणाला, कुणाला काय हवे ते सांगा. मी उठून म्हणालो, आमच्या कोपऱ्यावर एक नळ हवा, बायकांना लांबून घागरी आणाव्या लागतात.

तो म्हणाला, "आप्पा, तुमचा नळ अक्कलकोटला मागा की. हितं आमालाच पानी पुरंना."

सगळे देऊळ हसले. ज्यांना मी तूर-ज्वारी तोलून देतो, तेही हसले.

मी म्हणालो, "माझा आजा याच पेठेत जन्मला."

"जन्मला आसंल. पर घरात बोलता कानडीच की."

पुन्हा हशा. मी चप्पल शोधत बाहेर आलो तर ती कुणीतरी पार पायरीखाली ढकललेली.

घरी गिरिजेला सांगितले. ती भाकरी थापत म्हणाली, "नळ मागायला गेला होता ना? मग नळाचं काय झालं?" बायकांना अपमान कळत नाही.

ता. १२ नोव्हेंबर

चन्नप्पाकाका आले होते. त्यांना कालचे सगळे आधीच कळले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "गुरुसिद्धा, तू उभा राहा."

मी म्हणालो, "मला कोण मत देणार?"

काकांनी पानाची देठे खुडत हिशेब मांडला. विणकर तेलंगी आपल्या माणसामागे जातात. मुसलमानांची जागाच वेगळी. मराठे आबासाहेबामागे. मग आपणच का सुटे सुटे? पेठेत गळ्यात लिंग बांधणारी घरे थोडी नाहीत. आपण व्यापारी, पलीकडे तेली, आणि खाली ओढ्याच्या अंगाला परटांच्या दोन गल्ल्या. स्वतःची घरे आहेत, घरपट्टी भरतात, पण एकाचेही नाव मतदारांत नाही. ते घालून घ्यायचे.

"परीट?" मी विचारले.

"मत देताना परीट नव्हे. नम्म मंदी."

आपली माणसे. काका हे शब्द इतक्या मायेने म्हणाले, की क्षणभर मलाही भरून आले.

नेमका तेव्हाच मडिवाळप्पा धुणे न्यायला आला. दारात उभा राहून नेहमीप्रमाणे म्हणाला, "शरणू, सावकार." मी नेहमीप्रमाणे "हं" म्हणालो. काकांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तोलात मारताना सापडलो आहे.

तो गेल्यावर म्हणाले, "त्यानं शरणू म्हटलं की आपण काय म्हणायचं असतं?"

"शरणार्थी."

"मग म्हणायला शीक."

आमच्या घरात परटाला "हं" हेच उत्तर आहे. वडीलही हेच म्हणत. आजा तर तेवढेही म्हणत नसे, मान हलवी. त्यात कुणाला वाईट वाटल्याचे मी ऐकलेले नाही.

ता. १५ नोव्हेंबर

आज प्रथमच परटांच्या गल्लीत गेलो. इतकी वर्षे पेठेत राहून कधी गेलो नव्हतो. जाण्याचे कारण नव्हते. भट्टीचा धूर, सोड्याचा वास, दोऱ्यांवर साऱ्या पेठेची धोतरे. त्यांत एक माझेही होते.

मडिवाळप्पाच्या दारात बाज टाकली. माणसे जमली. "शरणू" म्हणाली. मी एकेकाला "शरणार्थी" म्हणालो. जीभ जड झाली होती, पण जमले. मग उभा राहून बोललो. म्हणालो, आपण सारे एक. गळ्यात एकच लिंग. "यल्ला वंदे." सगळे एकच. बाहेरचे आपल्याला कानडी म्हणून हसतात. आज मला हसले, उद्या तुम्हाला हसतील.

एक म्हातारा मागून म्हणाला, "आमाला आदीपास्नंच हसत्यात की."

मी म्हणालो, म्हणूनच एकी पाहिजे.

मडिवाळप्पाला म्हणालो, "आजपासून मला सावकार म्हणायचं नाही. अण्णा म्हणायचं."

"व्हय, सावकार," तो म्हणाला. बायका पदराआड हसल्या. अडाणी माणसे, जिभेला वळण लागायला वेळ लागणारच.

सभा छान झाली. सर्वांना मत म्हणजे काय ते समजावले. ज्याला लिहिता येत नाही त्याने आत बसलेल्या साहेबाच्या कानात नाव सांगायचे, साहेब फुली मारतो, बाहेर कुणालाही कळत नाही. मडिवाळप्पाने हे दोनदा विचारले. "कुनालाच कळत न्हाय?" मी म्हणालो, कुणालाच नाही, अगदी मलासुद्धा नाही. त्याला फार समाधान वाटलेले दिसले. आबासाहेबाची धास्ती असणार.

ता. २१ नोव्हेंबर

परटांची नावे घालून घेतली. कचेरीतल्या कारकुनाने डोळे वटारले. "ह्यांना कशाला? हे कधी येणार?" मी सुनावले, हे माझे बंधू आहेत. तो लेखणी थांबवून बघतच राहिला.

मडिवाळप्पा बरोबर होता. परतताना त्याने विचारले, "अण्णा, निवडून आलासा तर नळ कुटं बसंल?" तो मला अण्णा म्हणाला, याची मुद्दाम नोंद करतो.

मी सांगितले, "आमच्या कोपऱ्यावर. देवळापाशी."

"मग आमी तितं पानी भरायचं?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. आमच्या घरातल्या बायका तिथे भरणार. गिरिजेचे सोवळे, काकूचे त्याहून कडक. मी म्हणालो, "घागरी घेऊन या की. आमचा गडी वरून ओतील. तुम्हाला हात लावायचीसुद्धा मेहनत नको. आणि धुण्याला ओढा आहेच."

"व्हय," तो म्हणाला. "वडा हायच की."

समजूतदार माणूस आहे.

ता. २९ नोव्हेंबर

आबासाहेबाने माझ्याविरुद्ध बोलायला सुरुवात केली आहे. चावडीसमोर म्हणाला म्हणे, "कानडी आप्पाला परटांचा पुळका आलाय. धोतर फाटलं आसंल." ज्याने मला हे आणून सांगितले तो सांगताना हसत होता. त्याचेही नाव लक्षात ठेवले आहे.

मी उलट निरोप धाडला, की तुझ्यासारख्याचे डाग आमच्या परटाच्या भट्टीतही निघायचे नाहीत. काका म्हणाले, निरोप चांगला, पण "आमच्या परटाच्या" म्हणायला नको होते. बंधूच्या म्हणायचे. बंधूच्या भट्टीत, हे मला विचित्र वाटले असते.

काकांनी नवी युक्ती काढली. अक्कलकोटकडच्या एका मठाचे स्वामी पुढच्या सोमवारी सोलापुरात आहेत. त्यांना आमच्या घरी पाद्यपूजेला आणायचे. व्यापारी, तेली आणि मडिवाळ, म्हणजे आपले परीट, सर्वांना प्रसादाला बोलवायचे. कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पायघड्या घालायच्या. तो मान मडिवाळांचाच. त्यांच्याशिवाय स्वामी पाऊल टाकत नाहीत. एका घरात, एका दिवशी, सारी नम्म मंदी जेवलेली पेठ पाहील, मग आबासाहेबाने काय ते बोलावे.

गिरिजेने एवढेच विचारले, "बसवणार कुठं?"

ता. १ डिसेंबर

दोन दिवस घरात हेच चालले आहे. काकू म्हणते, परीट पंगतीला बसले तर मी पाणी पिणार नाही. व्यापारी मंडळींतल्या दोघांनी आडून विचारले, "पंगत एकच का?" मी म्हणालो, छे.

शेवटी मीच तोड काढली आणि ती सर्वांना पटली. व्यापारी सोप्यात. तेली अंगणात. मडिवाळ परसात, पण तोंड त्याच दिशेला, स्वयंपाक तोच, तूप तेवढेच. हुग्गीही तीच, गव्हाची गोड खीर, जी स्वामींच्या पानात. फक्त पत्रावळी कमी पडतील आणि आमची भांडी बाहेर काढता यायची नाहीत, म्हणून येताना आपापले ताट-तांब्या घेऊन यावे, असा निरोप दिला.

गिरिजा म्हणाली, "पत्रावळी कमी कशा पडतील? बाजारात ढीग आहेत."

मी म्हणालो, तुला राजकारण कळत नाही.

ता. ३ डिसेंबर, सोमवार

हे मी शांतपणे लिहिणार आहे.

सकाळी सारे सुरेख झाले. दोन्ही गल्ल्या आल्या. काय ती पांढरीफेक वस्त्रे! कोपऱ्यापासून पायघड्या पडल्या. मागची घडी उचलायची, पळत पुढे न्यायची, पुन्हा अंथरायची. मडिवाळप्पा आणि त्याची माणसे स्वामींच्या पुढे अशी धावत होती, की स्वामींचा पाय मातीला लागला नाही. समोर आबासाहेबाच्या ओट्यावरून माणसे बघत होती. पाद्यपूजा झाली. स्वामी दोन शब्द एकीबद्दल बोलले.

पाने मांडली. मी परसात गेलो तर तिथे कुणी बसलेले नाही. सारे उभे, भिंतीला टेकून. एकाच्याही हातात ताट नाही.

मी म्हणालो, "निरोप मिळाला नाही का?"

मडिवाळप्पा खाली बघत राहिला. त्याची बायको शिवबाई पुढे आली. आमच्या घरात हिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ही मागच्या दाराने येते, गिरिजेशी बोलते, जाते.

"मिळाला की," ती म्हणाली.

"मग?"

"भांडं घिऊन जायचं ते मागाय जायचं आसतं, सावकार. जेवाय जाताना हात घिऊन जात्यात."

मी समजावले. म्हणालो, अन्न तेच आहे, तूप तेच आहे. तोंडसुद्धा त्याच दिशेला आहे.

"तोंड कुनाकडं हाय त्येचं काय घिऊन बसलाय," ती म्हणाली. "तुमी गल्लीत आला तवा आमच्या बाजंवर बसलासा. आमी बाज धुतली न्हाय."

मागून कुणीतरी हसले. मडिवाळप्पा हलक्या आवाजात म्हणाला, "चल गं." आणि सारी चालती झाली. जाताना बाहेरच्या पायघड्या गोळा करून घेऊन गेली. स्वामी निघाले तेव्हा उंबऱ्याबाहेर नुसती माती. स्वामींनी एकदा खाली पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि अनवाणी चालू लागले. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी खाकरले.

परटाच्या बायकोने माझ्या परसात मला शिकवावे. आजा असता तर दोघांना ओढ्यात बुचकळले असते.

ता. ४ डिसेंबर

हुग्गी पातेलीभर उरली. गिरिजेने ती सकाळी मागच्या दाराने कुठे पाठवली ते विचारले नाही. पातेले दुपारी घासून परत आले, त्यात एक मूठ शेंगा होत्या. परत देताना भांडे रिकामे देत नाहीत, एवढे तरी त्या लोकांना कळते.

ता. ८ डिसेंबर

आबासाहेब परटांच्या गल्लीत गेला होता. मडिवाळप्पाच्या दारात, त्याच बाजेवर बसला. शिवबाईने चहा दिला, तो प्यायला. त्यांच्या कपातून. ही बातमी पेठेत अशी फिरली आहे, जशी काही त्याने गंगा आणली.

धडधडीत नाटक. याच्या घरी परटाने उंबरा ओलांडून दाखवावा. मी मडिवाळप्पाला दुकानावर बोलावून स्पष्ट विचारले, "तो खोटा आहे हे कळत नाही तुला?"

"कळतं की," तो म्हणाला. "पितानी नाक मुरडलं त्येनं. आमी बगितलं."

"मग?"

"पर घोट तर घितला की."

मी म्हणालो, तो तुम्हाला परीट म्हणतो. मी बंधू म्हणतो. तो मराठा, आपण लिंगवंत. रक्ताचे कोण? तुम्ही जाणार कुठे?

"व्हय, खरं हाय," तो म्हणाला. "जानार कुटं." मग शरणू म्हणून गेला. मी चांगले ठणठणीत "शरणार्थी" म्हणालो.

काकांना हे सांगितले. त्यांचे म्हणणे, राग होता तो निवळला. माणूस भांडतो तो आपल्याच माणसाशी. मलाही तसेच वाटते. परक्याच्या कपात आपली माणसे किती दिवस जातील?

ता. १२ डिसेंबर

मतदान झाले. शाळेच्या दारात सकाळपासून उभा होतो, समोर आबासाहेब. दोघांत हात-दोन हात अंतर, पण दिवसभर एकाने दुसऱ्याकडे पाहिले नाही.

व्यापाऱ्यांपैकी निम्मे दुपारपर्यंत आलेच नाहीत. दुकान सोडवत नाही. एकाने निरोप पाठवला, "आपलंच घर आहे, एका मताने काय होतं." त्यांना बोलवायला माणसे धाडावी लागली.

परीट मात्र सारे आले. एकत्र आले, पायघड्यांच्या दिवशी घातली होती तीच वस्त्रे घालून. कधी जन्मात मत दिलेले नाही, पण असे रांगेत उभे राहिले, जसे देवाला आलेत. प्रत्येकाने माझ्यापाशी येऊन "शरणू" म्हटले आणि आत गेला. आबासाहेबाला एकानेही रामराम घातला नाही. त्याचा चेहरा पडलेला मी पाहिला. आत एकेक जण वाकून साहेबाच्या कानाशी लागे, साहेब फुली मारी.

यांना मीच यादीत घातले, मीच शिकवले. मन भरून आले. त्या दिवशीचा परसातला प्रकार मी मनातून काढून टाकला आहे. मोठ्या माणसाने मोठे व्हावे.

काकांनी पेढे सांगून ठेवले आहेत.

ता. १३ डिसेंबर

पडलो.

जेवढी परटांची मते, त्याच्या आसपासच मागे पडलो. काका म्हणतात, हा योगायोग असेल, व्यापारी आले नाहीत त्याने घात झाला. मी शपथेवर सांगू शकतो की परटांनी दगा दिला. आणि शपथेवर काहीच सांगू शकत नाही, कारण कुणालाच कळत नाही. हे मीच सांगितले होते.

पेढे कुणी खाल्ले नाहीत. गिरिजेने मुंग्यांच्या भयाने ते शिंक्यात ठेवले आहेत.

ता. १४ डिसेंबर

आबासाहेबाची मिरवणूक निघाली. खिडकी लावून घेतली, पण ताशा भिंतीतून ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र अशी कळली, की हसू आले. मिरवणुकीपुढे पायघड्या घाला असा त्याने परटांना हुकूम सोडला होता. मडिवाळप्पा म्हणाला म्हणे, "पायघड्या सामीला आन् नवरदेवाला. निवडून आल्याला न्हाय." त्यावर आबासाहेब सर्वांदेखत बोलला, "माजली परटं. मतं दिली म्हंजे डोक्यावर बसली व्हय." ऐकून जिवाला गार वाटले. आता कळेल त्यांना, तो कप किती महाग पडला.

पण सांगणाऱ्याने पुढे आणखी सांगितले. मडिवाळप्पा जागचा हलला नाही. सर्वांदेखत म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या. आमच्या गल्लीच्या तोंडाला नळ कंदी बसतो त्ये सांगा. बाजंवर बसून बोललासा त्ये."

नळ. नळ तर मी मागितला होता. सगळ्या पेठेदेखत उठून मागितला, त्याबद्दल अपमान सोसला. आणि त्याचे पाणी ओढ्यावरच्या लोकांनी भरायचे. आबासाहेब काही नळ देत नाही, हे मी लिहून ठेवतो. तोंडावर पडतील.

तरी एक कोडे सुटत नाही. ते आमच्याबरोबर राहिले नाहीत. त्याच्यापुढे पायघड्याही घातल्या नाहीत. मग ती माणसे आहेत तरी कुणाची?

गिरिजेला विचारले. ती म्हणाली, "कुणाची असायला पाहिजेत का?" आणि दिवा घेऊन आत गेली. अलीकडे ती सरळ उत्तर देत नाही.

ता. १७ डिसेंबर

सोमवार. धुण्याचा दिवस. मी ठरवून ठेवले होते, की मडिवाळप्पा आला की त्याला दारात उभा करून काय ते विचारायचे. काम दुसऱ्या परटाला देतो म्हणून धमकावायचे. तेही काकांना विचारले, तर ते म्हणाले, पेठेत दुसरा परीट कोण? सारे तेच.

पूजा आटोपून लिंग गळ्यात घातले आणि सोप्यात बसून राहिलो. तो वेळेवर आला. गाठोडे मागच्या दाराशी नव्हते, मी मुद्दाम पुढे आणून ठेवले होते, म्हणजे माझ्यासमोरून घ्यावे लागेल. "शरणू" म्हणेल, मग मी "हं" म्हणेन. शरणार्थीचे दिवस संपले, हे त्याला पहिल्या झटक्यात कळावे, असे मी ठरवले होते.

तो उंबऱ्याबाहेर थांबला. मला पाहिले. राग नाही, भीती नाही. गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले.

"रामराम, सावकार," तो म्हणाला.

जसा बाजारात कोणीही कोणालाही घालतो तसा रामराम. गाठोडे उचलून पाठीवर टाकले आणि पायऱ्या उतरला.

माझ्या तोंडून सवयीने "शरणार्थी" निघून गेले. बरेच मोठ्याने निघाले. समोरच्या ओट्यावरच्या दोघांनी वळून पाहिले. तो तोवर कोपरा वळून ओढ्याकडे लागला होता.